घरगल्लीतला जलमार्ग

"काका, सगळ्या टिक मारायच्या असतात," राजस म्हणाला. "जेवढ्या जास्त टिक, तेवढी आपली रूम वर दिसते."

"अरे पण जलमार्ग? ठाकूरद्वारला जलमार्ग कुठून आणू मी?"

"समुद्र आहे ना पाच मिनिटांवर? त्यात बोटी आहेत ना? झालं की! चिल करा ओ काका."

श्यामकांत धैर्यवान चिल करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पाहुण्यांची टॅक्सी करंजेवाडीच्या तोंडाशी येऊन थांबलेली खिडकीतून दिसत होती, आणि पुतण्याने आपल्या घराबद्दल काय काय लिहून ठेवलंय हे त्यांना आत्ता, या घटकेला कळत होतं.

त्याचं असं झालं. मुलगी उर्वी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि घरातली एक खोली रिकामी झाली. ती रिकामी खोली राजलक्ष्मीबाईंना बघवेना. "चार माणसं येतील-जातील, घराला जाग राहील," असं त्यांनी काढलं. राजसने लगेच मोबाइल उपसला, खोलीचे फोटो मारले आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत पर्यटकांच्या कुठल्याशा साइटवर धैर्यवानांचं घर चढवून दिलं. श्यामकांतना विचारलं नाही असं नाही. विचारलं होतं. पण विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थाला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. आडनाव धैर्यवान खरं, पण घराण्यातलं धैर्य पूर्वजांनीच वापरून संपवलं असावं. 'नाही' म्हणायची वेळ आली की श्यामकांत "तसं बघायला गेलं तर..." अशी सुरुवात करायचे आणि बघता बघता 'हो'वर येऊन थांबायचे.

पाहुणे आले. परभणीचे आनंदराव ढवळे आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई. आनंदरावांच्या अंगात राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, डोक्यावर उन्हाची टोपी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असले तरी चालण्यात अजून सरकारी जीपमधून उतरल्याचा रुबाब होता. कमलाबाईंनी नवी कोरी मोरपंखी साडी नेसली होती आणि त्या जिना चढतानाच धापा टाकत विचारत होत्या, "समुद्र कुठल्या अंगाला हाय हो?"

"आहे, आहे. जवळच आहे," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आधी चहा घ्या. ऊन उतरलं की मीच नेते चौपाटीवर."

"न्या बाई. लग्न झाल्यापासून हे म्हणायलेत, दाखवतो, दाखवतो. दरसाली कालव्याला पाणी सुटायचं अन् हे तिकडं पळायचे. आता रिटायर झालेत. आता कुणाचं पाणी सुटणारंय?"

आनंदरावांचं बायकोकडे लक्ष नव्हतं. बशीतला चहा एका दमात संपवून ते उठले आणि एखाद्या देवळात मूर्ती शोधावी तसे खिडक्यांमधून डोकावू लागले.

"साहेब, मुंबईत खोल्या लई होत्या बरं का," ते श्यामकांतना म्हणाले. "पण जलमार्ग फक्त तुमच्याकडंच लिहिलेला. मी म्हणलं, उतरायचं तर हिथंच. उभी हयात कालव्यावर काढली मी. जायकवाडीचा डावा कालवा. वाहतं पाणी बघितल्याबिगर मला अन्न गोड लागत नाही. कुठंय तो?"

श्यामकांतनी राजसकडे पाहिलं. राजसला नेमका त्याच वेळी महत्त्वाचा फोन आला आणि तो जिन्यावरून खाली नाहीसा झाला.

"तसं बघायला गेलं तर..." श्यामकांतनी घसा साफ केला, "मागच्या अंगाला... आहे थोडंसं पाणी..."

त्यांना म्हणायचं होतं ते पार मागे, रस्त्यापलीकडे, समुद्र वगैरे. पण आनंदराव एव्हाना मागच्या गॅलरीत पोचलेही होते. गॅलरीखाली घरगल्ली होती. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना लागू नयेत म्हणून सोडलेली ती अरुंद बोळकांडी. तिच्यातून वाडीचं उघडं गटार जायचं. जायचं म्हणजे, जायला हवं होतं. गेली कित्येक वर्षं ते जागच्या जागी काळंभोर, जाड होऊन बसलं होतं.

घरमालक म्हणायचा, तुम्ही कचरा टाकता. भाडेकरू म्हणायचे, साफ करणं तुमचं काम. आणि मग दोघंही आपापल्या खिडकीतून त्याच्यात कचरा टाकायचे.

श्यामकांत शरमेने मान खाली घालून उभे राहिले. आता हा माणूस बॅगा उचलणार. उचलू दे बापडा. दुपारची झोप तरी मिळेल.

"च्यामारी!" आनंदराव कठडा धरून म्हणाले. त्यांच्या आवाजात हर्ष होता. "हे तर चोकअप हाय की हो!"

*

त्या संध्याकाळी समुद्र राहिला. कारण आनंदरावांनी राजलक्ष्मीबाईंची कपडे वाळत घालायची काठी मागून घेतली आणि ते खाली उतरले. "एवढी पाण्याची खोली बघतो अन् निघू," त्यांनी बायकोला सांगितलं. कमलाबाई पर्स मांडीवर घेऊन दारातल्या खुर्चीवर बसून राहिल्या.

खाली तळमजल्यावर नलूताई राहायच्या. त्यांची मोरी घरगल्लीला लागून होती, त्यामुळे गटार तुंबलं की पहिला प्रसाद त्यांना मिळायचा. मोरीच्या खिडकीबाहेर सफारीतला एक उंच माणूस गटारात काठी बुडवून, ती वर धरून, ओल्या भागावर बोटं ठेवून मोजतोय हे दृश्य त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कोण ओ तुम्ही?"

"मी इरिगेशनचा, बाई. पाहणी करायलो."

"कुठे उतरलाय?"

"वर धैर्यवान साहेबांकडं."

नलूताईंनी गॅस बंद केला आणि चपलाही न घालता दोन जिने चढून धैर्यवानांचं दार गाठलं.

"श्यामकांतभाऊ, बोललात नाय ते कधी! एवढा मोठा साहेब तुमच्याकडे उतरलाय! मंत्रालयातून आलाय काय?"

श्यामकांतच्या तोंडून 'नाही' यायला हवं होतं. ते घशापर्यंत आलंही होतं. पण नलूताईंनी आजवर त्यांच्याशी बोलताना वापरलेली वाक्यं म्हणजे "तुमच्या कुंडीतलं पाणी आमच्या लादीवर पडतं" आणि "जिन्यातली बत्ती तुम्हीच चालू ठेवलीत". आज त्याच नलूताई पदर सावरून, डोळ्यांत कौतुक घेऊन उभ्या होत्या. शिवाय त्यांच्या हातात नारळाच्या वड्यांची बशी होती.

"तसं बघायला गेलं तर... खात्यातलेच आहेत ते," श्यामकांत म्हणाले आणि त्यांनी एक वडी उचलली.

हे वाक्य खोटं नव्हतं. पण पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ हेच.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामकांतनी दूध घ्यायला दार उघडलं, तर जिन्यावर रांग लागलेली. एकाच्या नळाला करंगळीएवढी धार येत होती, एकाची गच्ची गळत होती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या भाच्याची बदली गडचिरोलीला झाली होती, ती साहेबांनी एक फोन फिरवून थांबवावी अशी त्यांची विनंती होती.

"अहो, ते पाणी खात्यातले..." श्यामकांतनी सुरुवात केली.

"मग भाचाही पाणीपुरवठ्यातच आहे!" गृहस्थ आनंदाने म्हणाले.

आनंदराव श्यामकांतच्या आरामखुर्चीत बसून एकेकाचं ऐकून घेत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यापुढे कुणी रांग लावली नव्हती. कालव्यावर असताना शेतकरी यायचे, "साहेब, आमच्या चारीला पाणी कधी?" म्हणायचे. इथे पुन्हा तेच सुख लाभत होतं. ते कुणाला खोटं काही सांगत नव्हते. "बघू, करू, टप्प्याटप्प्यानं होईल," एवढंच म्हणत होते, आणि ते ऐकूनच लोकांची खात्री पटत होती की माणूस अस्सल वरचा अधिकारी आहे.

"अहो," कमलाबाई दारातून म्हणाल्या. आज साडी जांभळी होती. "आज तरी जायचं का?"

"हे एवढं मार्गी लागलं की निघालो."

"तुमचं काही मार्गी लागत नसतंय. मला माहीत हाय."

स्वयंपाकघरात राजलक्ष्मीबाई रांगेतल्या माणसांसाठी चौथ्यांदा चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी नवऱ्याला खुणेने आत बोलावलं. "मी पाहुणे ठेवते म्हटलं होतं, कचेरी ठेवते नाही म्हटलं. ती बाई बिचारी दोन दिवस साड्या बदलून दारात बसलीय. समुद्र पाच मिनिटांवर आणि तिला आमच्या जिन्याच्या पुढे जाता येत नाही. तुम्ही सांगा त्या सगळ्यांना खरं काय ते."

"सांगतो ना. योग्य वेळ आली की सांगतो."

"योग्य वेळ! मलाही अलिबागला बोटीने नेणार होता तुम्ही. उर्वी बालवाडीत होती तेव्हा. योग्य वेळ आली की!"

श्यामकांत लगबगीने दाराकडे वळले, कारण बाहेर मयूरभाऊ आले होते.

मयूर हा वाडीच्या तोंडाशी राहणारा तरुण समाजसेवक. त्याची सेवा मुख्यत्वे फ्लेक्सवर चालायची. वर्षातला एकही सण असा नव्हता ज्याच्या शुभेच्छा करंजेवाडीला मयूरच्या हसऱ्या फोटोशिवाय मिळाल्या असतील.

"श्यामकाका, काय हे! एवढे मोठे साहेब वाडीत येतात आणि आपल्या माणसाला खबर नाय?" मयूर म्हणाला. "टेन्शन घेऊ नका. मी पालिकेच्या वॉर्डात फोन टाकलाय. म्हटलं वरून पाहणी आलीय. उद्या मॅडम स्वतः येतायत, गँग घेऊन. गटार उद्या क्लियर! आणि हां, साहेबांचा सत्कार आपल्याकडून."

"अरे मयूर, ऐक ना. तसं बघायला गेलं तर ते..."

"शाल भारीतली आणतो काका. तुम्ही फक्त साहेबांच्या बाजूला उभे राहा. तुमच्यामुळेच आलेत ना ते?"

श्यामकांतच्या डोळ्यांसमोर उद्याचं चित्र उभं राहिलं. नारळ, हार, फोटो आणि पोलीस. रात्रभर त्यांना झोप आली नाही. पलीकडच्या खोलीतून आनंदरावांचं घोरणं मात्र कालव्याला पाण्याचं आवर्तन सोडल्यासारखं संथ, अखंड चाललं होतं.

*

वॉर्डातून आलेल्या दीपिका मॅडम तरुण होत्या, घाईत होत्या आणि वरून आलेल्या अचानक पाहणीने बऱ्यापैकी धास्तावलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर गमबूट घातलेले पाच-सहा कामगार आणि लांब बांबू होते. घरगल्लीच्या तोंडाशी अख्खी वाडी जमली. मयूरने खुर्च्या मांडल्या होत्या आणि एका खुर्चीत शाल-श्रीफळ ठेवलं होतं.

"गुड मॉर्निंग सर," मॅडम आनंदरावांना म्हणाल्या. "सर, आपण कुठल्या डिव्हिजनचे?"

श्यामकांतनी डोळे मिटले.

"डावा कालवा," आनंदराव अभिमानाने म्हणाले.

मॅडम गोंधळल्या. डावा कालवा त्यांनी ऐकला नव्हता. पण शहरात रोज काहीतरी नवीन निघत होतं. "म्हणजे... कोस्टल रोडच्या साइडचा का सर?"

"त्याच्याबी पल्याड," आनंदराव म्हणाले. परभणी कोस्टल रोडच्या पलीकडे नाही असं कोण म्हणेल?

"ओके सर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कामगारांना इशारा केला.

बांबू आत गेले. आनंदराव काठावर उभे राहून "हाणा! अजून खाली! डावीकडं घ्या!" असे हुकूम सोडू लागले. गटारातून एकेक ऐवज वर येऊ लागला. प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, रबरी चेंडूंचा एक मोठा साठा, आणि एक स्टीलचं पातेलं, जे पाहून नलूताई "अगो बाय माझ्या, ह्यासाठी मी कामवाली काढली!" असं ओरडून मटकन खाली बसल्या.

पण मुख्य बोळा पुढेच होता. घरगल्ली जिथे रस्त्याखालच्या मोठ्या नाल्याला मिळत होती तिथे, तोंडातच, काहीतरी जाड अडकलं होतं. चौघांनी मिळून आकडा लावला आणि ओढलं. गुंडाळी झालेला, चिखलाने माखलेला एक प्रचंड पत्रा बाहेर आला. एकाने त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. पत्रा नव्हता, फ्लेक्स होता. चिखलातून आधी जोडलेले दोन हात दिसले, मग पांढरा शर्ट आणि मग मयूरचा हसरा चेहरा. खाली लिहिलं होतं, 'समस्त वाडीकरांना हार्दिक शुभेच्छा.'

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू सगळीकडे पसरलं.

"वाऱ्याने उडाला असणार," मयूर म्हणाला आणि शाल उचलून घाईघाईने पुढे झाला. "चला, चला, सत्कार करून घेऊ! श्यामकाका, इकडे उभे राहा. साहेब, जरा हसा."

तेवढ्यात राजलक्ष्मीबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांच्या मागे कमलाबाई होत्या आणि दोघींच्या हातांत पिशव्या होत्या. "अहो, ऐकताय का? मी कमलाबाईंना घेऊन जातेय. राजसने सगळं बुक केलंय. परत—"

"हो, हो, जा, जा," श्यामकांत म्हणाले. फोटो निघत होता आणि त्यांना कसंबसं हसायचं होतं.

"ऐकलंत का? मी काय म्हणतेय—"

"ऐकलं ग. जा."

राजलक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या गेल्या.

गटार मोकळं झालं होतं. कित्येक वर्षांचं काळं पाणी चक्क वाहू लागलं. आनंदरावांचे डोळे पाणावले. "बघा साहेब," ते श्यामकांतचा हात धरून म्हणाले, "ह्याला म्हणतात जलमार्ग." लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामकांतना वाटलं, सुटलो. आता पेढे वाटून होतील, मॅडम जातील, पाहुणेही जातील आणि कुणाला काही कळायचं नाही.

पण दुपारी, पेढे वाटून व्हायच्या आत, एका कामगाराने गटाराकडे बोट दाखवलं. "मॅडम, पाणी थांबलं."

खरंच थांबलं होतं. सगळे बघत राहिले. मग ते पाणी हळूच, विचार बदलल्यासारखं, उलट्या दिशेने निघालं.

"हे काय?" आनंदराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर पाण्याबद्दलचं अज्ञान उमटलं. "पाणी चढावर कसं काय यायलंय?"

दीपिका मॅडमनी झटकन मोबाइल काढून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सर, काल अमावास्या झाली. आज मोठी भरती आहे! तुम्ही भरती बघितली नव्हती?"

"भरती? कशाची? पोलीस भरती?"

मॅडमनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"समुद्राची भरती सर! समुद्र वर आला की नाल्यातून पाणी मागे येतं. इथे झडप नाही, काही नाही. तो बोळा होता म्हणून इतके दिवस आत येत नव्हतं!"

"आमच्याकडं पाणी एकदा सोडलं की परत येत नाही," आनंदराव पुटपुटले. "आलंच नाही कधी."

इथे मात्र येत होतं. आधी ते घरगल्लीच्या काठापर्यंत आलं, मग काठ ओलांडून नलूताईंच्या मोरीत शिरलं, आणि मोरीतून स्वयंपाकघरात. तिथून नलूताईंचे दोन पाट, एक झाडू आणि जावयाने दिलेली चप्पल अशी मिरवणूक वाडीच्या अंगणात आली. मयूरने मांडलेल्या खुर्च्यांचे पाय बुडाले. घोटाभर खाऱ्या पाण्यात अख्खी करंजेवाडी पायजमे आणि साड्या वर धरून उभी राहिली.

"श्यामकांतभाऊ!" नलूताई किंचाळल्या. "तुमच्या साहेबाक सांगा पाणी बंद करूक!"

"सर, कंट्रोल रूमला तुमच्या नावाने कळवते," मॅडम म्हणाल्या. "तुमचं डेझिग्नेशन सांगा."

"काका, साहेबांना बोला मंत्रालयात फोन लावायला!" मयूर ओरडला.

सगळे एकदम श्यामकांतकडे वळले. त्यांच्या पायजम्यात समुद्राचं पाणी चढत होतं, बाजूला पाहुणा शाल पांघरून उभा होता, आणि त्यांना तीन दिवसांची झोप मिळाली नव्हती.

"नाही!" श्यामकांत ओरडले. एवढ्या जोरात की ते स्वतःच दचकले. "नाही, नाही आणि नाही! साहेब नाहीत ते! माझे पाहुणे आहेत! परभणीचे आहेत, रिटायर्ड आहेत, समुद्र बघायला आलेत!"

पाण्यावर नलूताईंचा पाट कुणाच्या तरी पोटरीला टक्कर देऊन वळला.

"मी कधी म्हणलं, मी साहेब हाय म्हणून?" आनंदराव शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, मुंबईत पाहुण्यांचं असंच करतात."

"आणि माझ्या नारळाच्या वड्या गिळल्यात त्या?" नलूताई कडाडल्या.

मयूरने आनंदरावांच्या खांद्यावरून शाल काढून घेतली, घडी केली आणि काखेत मारली. गडचिरोलीच्या भाच्याचे मामा काहीतरी पुटपुटत जिना चढून गेले. दीपिका मॅडम श्यामकांतसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना खूप काही बोलायचं होतं हे दिसत होतं.

"मी तीन मीटिंगा कॅन्सल केल्यात," एवढंच त्या म्हणाल्या. मग कामगारांकडे वळून त्यांनी सांगितलं, "झडप बसेपर्यंत तोंड बंद करावं लागेल. काय आहे आपल्याकडे? गोणी? प्लायवूड?"

कामगारांनी इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या मापाची, एवढी जाड, तोंडात घट्ट बसेल अशी एकच वस्तू तिथे होती.

"नाय हा मॅडम," मयूर म्हणाला. "माझी इमेज आहे वाडीत."

"तोंड आतल्या बाजूला करून लावा," मॅडम म्हणाल्या.

मग मयूरच्या देखत मयूरची गुंडाळी झाली. कामगारांनी ती नाल्याच्या तोंडात कोंबली, बांबूने ठोकून ठोकून घट्ट बसवली, आणि समुद्र जिथल्या तिथे थांबला. करंजेवाडीची सेवा मयूरच्या हातून पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर घडली.

*

ओहोटी लागल्यावर अंगणातलं पाणी उतरलं. नलूताईंच्या घरातला चिखल काढायला श्यामकांत आणि आनंदराव दोघांनाही जुंपण्यात आलं. एकाच्या हातात खराटा, दुसऱ्याच्या हातात बादली. नलूताई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि कोपरा दाखवत राहिल्या. "थंय ऱ्हवला. नाय, त्या बाजूक." आनंदरावांनी उतार बघून पाणी कसं काढावं याबद्दल एकदा बोलायचा प्रयत्न केला. नलूताईंनी नुसतं बघितलं. ते बादली घेऊन त्या कोपऱ्यात गेले.

दिवेलागणीला दोघं कंबर धरून जिना चढले. दाराला कुलूप होतं. किल्ली शेजारी ठेवलेली. आत दिवा नव्हता, देव्हाऱ्यात वात नव्हती आणि ओट्यावर सगळी भांडी घासून पालथी घातलेली.

"चौपाटीवर एवढा वेळ?" श्यामकांत म्हणाले आणि त्यांनी फोन लावला.

पलीकडून आधी वाऱ्याचा मोठा आवाज आला, मग दोन बायकांचं खळाळून हसणं आणि मग राजलक्ष्मीबाई. "बोला."

"अगं, आहात कुठे? चौपाटी किती वेळ बघायची असते?"

"चौपाटी? अलिबागला आहोत आम्ही. सांगून आले की तुम्हाला. गेटवेवरून बोटीने मांडव्याला आलो, तिथून बसने. राजसने किनाऱ्यावरच खोली बघून दिलीय. आणि कमलाबाई ना, पाण्यातून बाहेर यायला तयार नाहीत. नेसत्या साडीने बसल्यात. मीसुद्धा आत्ताच बाहेर आले."

श्यामकांत शेजारच्या खुर्चीत बसले. दुसरीत आनंदराव बसले होते, आशेने बघत.

"मग उद्या सकाळी याल ना?"

"थांबा, विचारते." फोनवरून हाक ऐकू आली, लाटांमधून उत्तर आलं, पुन्हा हसणं झालं. "कमलाबाई म्हणतायत, आज भरती बघितली, उद्या ओहोटी बघायचीय."

"आणि ओहोटी बघून झाल्यावर?"

"अहो, मग पुन्हा भरती असतेच की. बरं ठेवते, इथे गरम गरम भजी आलीयेत. तुम्ही जेवून घ्या."

फोन बंद झाला. आनंदरावांनी खुर्ची जवळ ओढली.

"काय म्हणल्या वहिनी?"

"जेवून घ्या म्हणाली."

"बरं झालं, भूक लई लागली," आनंदराव हात धुवायला उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. "पण काय?"

श्यामकांतनी पालथ्या भांड्यांकडे पाहिलं. "तुम्हाला काय येतं?"

"चहा येतो. तुम्हाला?"

"मलाही चहाच," श्यामकांत म्हणाले आणि गॅसचा लायटर कुठल्या खणात असतो ते शोधायला उठले.